जुन्या एमजीबीत माझ्दाचं रोटरी इंजिन: काय जमतं, काय जळतं, काय तुटतं

माझ्दानं जून २०२३ मध्ये हिरोशिमातल्या उजिना कारखान्यात रोटरी इंजिनाच्या गाड्या पुन्हा बनवायला घेतल्या. २०१२ मध्ये रोटरी इंजिनाची आरएक्स-८ बंद पडली होती, म्हणजे मध्ये अकरा वर्षं गेली. नव्या एमएक्स-३० मध्ये हे इंजिन चाकं फिरवत नाही. ८३० सीसीचा एकच रोटर बॅटरी चार्ज करत बसतो. तरी बातमी आली आणि जुना प्रश्न पुन्हा वर आला: साठ-सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रोटरी इंजिन बसवतात ते का, आणि ते खरंच चालतं का?

चालतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये एमजी मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर, एमजीबी अशा गाड्यांत हे काम हौशी लोक अनेक वर्षं करत आले आहेत. पण बहुतेकांना वाटतं की अवघड भाग इंजिन बसवण्याचा आहे. बसवणं हे ओळखीच्या वेल्डरकडून आणि लेथवाल्याकडून होणारं काम आहे. गाडी दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकणार की नाही हे ठरतं इंजिनाची उष्णता बाहेर कशी काढली यावर. उदाहरणासाठी इथे एमजीबी घेतली आहे.

## पिस्टन नाही, मग फिरतं काय?

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँक त्याचं गोल फिरण्यात रूपांतर करतो. रोटरीत पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्टही नाही. कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. हा रोटर. त्याची तीन टोकं भिंतीला कायम टेकलेली असतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यात तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरताना प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं या चारही गोष्टी त्यातच उरकतात.

रोटर ज्या शाफ्टवर बसतो त्याला मध्यापासून १५ मिलिमीटर सरकलेला जाड गोल भाग असतो. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून हातानं दिलेला रेटा दगड फिरवतो. इथेही स्फोटाचा रेटा मध्याबाहेरच्या या भागावर पडतो म्हणून शाफ्ट फिरतो. दात असे जुळवलेले असतात की रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात. टॅकोमीटर (शाफ्टच्या मिनिटाला किती फेऱ्या, म्हणजे आरपीएम, हे दाखवणारं मीटर) ६००० दाखवत असेल तेव्हा रोटर प्रत्यक्षात २००० नेच फिरत असतो. खाली-वर आपटणारं काहीच नसल्यानं इंजिन इतकं मऊ चालतं की किती आरपीएमवर आहोत हे कानाला कळत नाही. माझ्दाच्या पहिल्या आरएक्स-७ या रोटरी स्पोर्ट्स कारला त्यासाठी इशारा देणारा बझरच लावलेला होता.

टोकांवर ज्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात त्यांना एपेक्स सील म्हणतात. पिस्टन रिंगचं काम त्या करतात. हा एक शब्द लक्षात ठेवला की पुढचं बहुतेक समजेल.

## १३०८ सीसी म्हणजे नेमके किती?

माझ्दाची दोन इंजिनं या कामात सर्रास वापरली जातात. १२ए: ५७३ सीसीचे दोन रोटर, एकूण ११४६. १३बी: ६५४ चे दोन, एकूण १३०८. दोन्हींत रोटरचा आकार तोच, जाडी मात्र पहिल्यात ७० मिलिमीटर आणि दुसऱ्यात ८०.

हे आकडे फसवे आहेत. दोन रोटरच्या इंजिनात शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. चार सिलिंडरच्या नेहमीच्या इंजिनातही फेरीला दोनच. पण त्याच्या सगळ्या सिलिंडरांची पाळी यायला दोन फेऱ्या लागतात, तेवढ्या वेळात रोटरीनं आपले सीसी दोनदा वापरलेले असतात. म्हणून १३बी ची तुलना करायची तर ती साधारण २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाशी. पेट्रोलच्या बाबतीत तर नक्कीच.

याचा एक छान फायदा असा की एमजीबीचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर काहीही न बदलता बरोबर वाचतो. त्याला चार सिलिंडरचे ठोके मोजायची सवय असते, आणि रोटरीचे ठोके तेवढेच पडतात.

## एमजीबीच का, आणि फायदा नक्की किती?

एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त. तिचं १७९८ सीसीचं बिडाचं इंजिन दणकट आहे, पण जड. सगळ्या जोडण्यांसह १६० किलोच्या आसपास. १२ए किंवा १३बी साधारण १०० ते १२० किलोत बसतं. यातले दहा-पंधरा किलो ऑइल कूलर, मोठा रेडिएटर आणि जाड एक्झॉस्ट परत खातात, तरी नाक हलकं होतं आणि वजन पुढच्या चाकांच्या मागे सरकतं. वळणावर हे जाणवतं. पुढचा भाग सेंटिमीटरभर उचलला गेला तर स्प्रिंगांकडे बघावं लागतं.

ताकदीबद्दल मात्र स्पष्ट बोललेलं बरं. अमेरिकेत विकलेल्या आरएक्स-७ मधलं १२ए १०० हॉर्सपॉवर देतं आणि १४२ न्यूटन-मीटर टॉर्क, तोही ४००० आरपीएमला. एमजीबीचं मूळ इंजिन कागदावर ९५ हॉर्सपॉवर आणि १४९ न्यूटन-मीटर, ३००० ला. म्हणजे मूळ अवस्थेतलं १२ए बसवलं तर खालच्या आरपीएमला गाडी उलट किंचित मठ्ठ वाटेल. मजा ४००० नंतर सुरू होते, जिथे जुनं इंजिन धापा टाकायला लागतं. नुसत्या जोरासाठीच करायचं असेल तर १९८४-८५ च्या आरएक्स-७ जीएसएल-एसई मधलं इंजेक्शनचं १३बी घ्यावं: १३५ हॉर्सपॉवर, १८० न्यूटन-मीटर.

योगायोग असा की एमजीबीच्या डिफरेन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या दात्यांच्या डब्याचा) रेशो ३.९०९ आहे आणि १२ए वाल्या आरएक्स-७ चाही ३.९०९ च. एमजीबीची चाकं थोडी उंच असल्यानं गेअरिंग पाच-सहा टक्के लांब पडतं, इतकंच. मागचा अॅक्सल बदलावा लागत नाही. स्पिटफायरमध्ये हे सुख नाही, तिचं डिफरेन्शियल नाजूक आहे.

## इंजिन विकत घेताना

रोटरी इंजिन बाहेरून बघून काही कळत नाही. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रोटरीसाठीचं खास मीटर प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंचे तीन वेगळे आकडे देतं. माझ्दाच्या हिशेबानं २५० आरपीएमला प्रत्येक बाजू किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ८५ पीएसआय हवी, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड किलोपेक्षा जास्त फरक नको.

ते मीटर नसेल तर साध्या कॉम्प्रेशन गेजमधला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून टाकावा, गेज प्लगच्या जागी लावावा आणि स्टार्टर मारताना काट्याकडे बघावं. तीन सारख्या उड्या दिसायला हव्यात: टप-टप-टप. एक-दोन उड्या मेलेल्या दिसल्या तर एखादा सील तुटलाय किंवा कार्बननं अडकलाय. तीनही मेल्या असतील तर इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधावं लागेल. बांधणीचा खर्च धरूनच सौदा करावा.

इंजिनासोबत त्याच गाडीचा पाच गेअरचा गेअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, इग्नायटर आणि ऑइल कूलर मागून घ्यावा. एमजीबीचा गेअरबॉक्स याला लागत नाही. फ्लायव्हीलबाबत एक बारीक गोष्ट: माझ्दाच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच इंजिनाचं मागचं समतोल-वजन ओतलेलं असतं. बाजारातलं हलकं फ्लायव्हील लावायचं तर ऑटोमॅटिक गाडीतलं वेगळं काउंटरवेट लागतं, आणि तेही त्याच रोटरच्या जोडीचं. १२ए चं १३बी ला लावलं की इंजिन थरथरतं आणि बेअरिंग खातं. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा असतो आणि ४०० न्यूटन-मीटरच्या वर घट्ट केलेला असतो. लांब पाइप आणि फ्लायव्हील अडवायची पट्टी आधीच जमवून ठेवावी.

## "आरएक्स-८ चं इंजिन स्वस्तात मिळतं, तेच घेतलं तर?"

मिळतं, आणि ताकदही जास्त आहे. पण त्याचे एक्झॉस्ट पोर्ट बाजूच्या प्लेटांमध्ये आहेत, सीलना तेल सोडणारा छोटा पंप संगणकावर चालतो, हवा आत घेण्याची यंत्रणाही संगणकाशिवाय नीट चालत नाही. म्हणजे एक तर मूळ गाडीचं सगळं वायरिंग आणा, नाही तर स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा संगणक) घेऊन ट्यूनिंग करा. शिवाय स्वस्त मिळतं ते बहुधा कॉम्प्रेशन गेल्यामुळेच. कार्बोरेटरच्या गाडीत पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यानं १२ए वरच थांबावं.

## बसवताना कुठे अडतं?

इंजिन दिसायला एवढंसं, त्यामुळे बोनेटखाली भरपूर जागा उरेल असं वाटतं. वरून उरतेही. अडतं ते खाली. पिस्टन इंजिनात क्रँक तळाशी असतो, म्हणून गेअरबॉक्सच्या रेषेखाली फारसं काही लोंबत नाही. रोटरीत शाफ्ट इंजिनाच्या बरोबर मध्यातून जातो. गेअरबॉक्स योग्य उंचीवर धरला की अर्धं इंजिन त्या रेषेच्या खाली येतं, आणि त्याखाली तेलाचं पसरट चेंबर. हे चेंबर एमजीबीच्या पुढच्या क्रॉस मेंबरवर (आडव्या तुळईवर) आदळतं. मग तीन पर्याय: इंजिन मागे सरकवणं, चेंबर कापून नव्यानं वेल्ड करणं किंवा क्रॉस मेंबरला खाच देणं. तिसरा टाळावा, कारण त्याच क्रॉस मेंबरवर सस्पेन्शन आणि स्टिअरिंग रॅक आहे. चेंबर कापलं तर आतली तेल ओढणारी जाळी नव्या तळापासून मूळ होती तेवढ्याच अंतरावर ठेवावी. ती तळाला टेकली तर तेल अडतं, उंच राहिली तर जोरात वळताना हवा ओढते.

इंजिन मागे सरकवलं की दुसरं अडतं. ऑइल फिल्टर इंजिनाच्या मागच्या टोकाला वर उभा असतो आणि तो थेट हीटरच्या पेटीकडे जातो. फिल्टर पाइपांनी लांब न्यायची सोय बाजारात तयार मिळते.

पहिल्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये इंजिन पुढच्या कव्हरवरून टांगलेलं असतं. १९८६ नंतरच्या गाड्यांत माउंटिंग बाजूला गेलं. जुन्या पद्धतीत एक आडवी प्लेट बनवली की झालं, म्हणून ती सोपी. गेअरबॉक्ससाठी मागचा आधार नवा बनवावा लागतो. एमजीबीचा गेअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा १९६७ च्या शेवटी रुंद झाला, त्यामुळे १९६८ पासूनच्या गाडीत माझ्दाचा गेअरबॉक्स कमी ठोकाठोकीत जातो. त्याआधीच्या गाडीत पत्रा कापणं आलंच.

गेअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट नवा करावा लागतो: पुढे माझ्दाचा योक (गेअरबॉक्समध्ये सरकणारं टोक), मागे एमजीबीचा फ्लँज. माप घेताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नव्हे. योक पूर्ण आत ढकलून मग दोन-अडीच सेंटिमीटर बाहेर काढावा आणि ते माप लेथवाल्याला द्यावं. इंजिनाचा आणि डिफरेन्शियलचा उतार एकमेकांना समांतर हवा. अंशभरापेक्षा जास्त फरक राहिला की ८० च्या पुढे गाडी गुणगुणायला लागते.

## आता खरं काम: उष्णता

रोटरीच्या पोकळीत स्फोट कायम एकाच बाजूला होतो. ती बाजू सतत भाजते, समोरची बाजू गार हवेनं थंड राहते. रोटर अॅल्युमिनियमच्या भिंतींमध्ये फिरतो, त्या भिंतींच्या दोन्ही अंगांना बिडाच्या प्लेटा, आणि सगळी चवड लांब बोल्टांनी आवळलेली. मध्ये पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा. इंजिन एकदा जोरात तापलं की अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त पसरतं, रिंगा चेपल्या जातात आणि पाणी आत झिरपायला लागतं. सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेच झालंय. यावर बाहेरून उपाय नाही. इंजिन खोलायलाच लागतं.

म्हणून एमजीबीचा मूळ रेडिएटर ठेवण्याचा हट्ट धरू नये. जाड गाभ्याचा अॅल्युमिनियम रेडिएटर, पूर्ण झाकणारं आवरण आणि इलेक्ट्रिक पंखा हवा. थर्मोस्टॅट माझ्दाचाच घ्यावा, ८२ अंशांचा. त्याच्या खाली एक छोटी चकती असते. इंजिन तापल्यावर ती पाण्याचा आडमार्ग बंद करते. दुसऱ्या कुठल्या गाडीचा थर्मोस्टॅट मापात बसला म्हणून लावला तर आडमार्ग उघडाच राहतो, पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतं, आणि सगळं नवं असूनही काटा वर का जातोय हे आठवडाभर समजत नाही. या कामात होणारी ही बहुधा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग चूक.

पाण्याइतकंच तेल महत्त्वाचं. रोटर आतून तेलानं थंड होतात. इंजिनातली बरीच उष्णता तेलामार्फतच बाहेर येते, त्यामुळे ऑइल कूलर ही इथे हौस नाही. अमेरिकेतल्या १९८३-८५ च्या १२ए वर पाण्यानं तेल गार करणारा छोटा गोल कूलर असतो. तो काढून टाकावा आणि समोरून हवा खाणारा मोठा कूलर रेडिएटरच्या पुढे किंवा खाली लावावा. पाइप अर्ध्या इंचापेक्षा बारीक नकोत. तेलाच्या तापमानाचं मीटर डॅशबोर्डवर लावावं: ११० अंशांपर्यंत ठीक, १२० दिसले की पाय उचलायचा.

तिसरी उष्णता एक्झॉस्टची. व्हॉल्व्ह नाही, वाटेत काही नाही, त्यामुळे जोर दिलेला असताना ९०० अंशांच्या आसपासचा वायू सरळ पाइपात येतो. पातळ पत्र्याचा हेडर (इंजिनाला जोडलेले पहिले पाइप) काही महिन्यांत चिरतो. पाइपची जाडी निदान २ मिलिमीटर हवी. काचतंतू भरलेला सायलेन्सर आतून जळून रिकामा होतो आणि मग आवाजानं गल्ली जागी होते. आधी एक स्टीलचा छोटा सायलेन्सर आणि मागे दुसरा मोठा, अशी जोडी टिकते.

उजव्या हाताच्या स्टिअरिंगवाल्यांनी आणखी एक पाहावं. माझ्दाच्या या इंजिनांचा एक्झॉस्ट गाडीच्या उजव्या अंगाला निघतो. स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर हे सगळं त्याच बाजूला. मध्ये हवेची फट ठेवून उष्णतारोधक पत्रा लावला नाही तर घाटात ब्रेक ऑइल उकळेल आणि पेडल जमिनीला टेकेल. डाव्या हाताच्या अमेरिकन गाडीला ही भीती कमी.

## "तेल जाळतं म्हणजे बिघडलंच ना?"

नाही. एपेक्स सीलना वंगण लागतं आणि ते द्यायला इंजिनात एक छोटा मीटरिंग पंप असतो. तो चेंबरमधलं तेल थेंबाथेंबानं आत सोडतो आणि ते जळून जातं. दीड-दोन हजार किलोमीटरला लिटरभर तेल घालावं लागलं तर इंजिन धडधाकट आहे असं समजावं. तेल अजिबात कमी होत नसेल तर काळजी करावी.

मूळ कार्बोरेटर बदलून वेगळा लावताना अनेकजण हा पंप काढून टाकतात. मग टू-स्ट्रोक स्कूटरसारखं पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं: लिटरला ८ ते १० मिलिलिटर, ४० लिटरच्या टाकीत ३२० ते ४००. एकदा विसरलं तरी सील घासले जातात. रोज चालवायच्या गाडीत पंप ठेवलेलाच बरा.

पेट्रोलचं म्हणाल तर शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर धरून चालावं. जळण्याची जागा लांबट आणि चपटी असते, कडेचं मिश्रण नीट पेटत नाही, म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात आणि दुसरा किंचित उशिरा पेटतो. तरीही थोडं पेट्रोल न जळताच बाहेर जातं.

याच पेट्रोलची दुसरी खोड म्हणजे फ्लडिंग. गाडी स्टार्ट करून दोन फूट हलवून लगेच बंद केली की जास्तीचं पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं, सील दाब धरत नाहीत आणि पुन्हा स्टार्ट होत नाही. तेव्हा पेट्रोल पंपाची वायर काढून, प्लग काढून, दहा सेकंद स्टार्टर मारावा. प्लगच्या भोकांतून चमचाभर इंजिन ऑइल सोडावं, कोरडे प्लग लावावेत. मग धूर काढत का होईना, सुरू होतं.

## वायर आणि पेट्रोल, थोडक्यात

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. माझ्दाचा अल्टरनेटर आणि इग्नायटर निगेटिव्ह अर्थवर चालतात. आधी गाडीची अर्थ जोडणी उलटी करून घ्यावी, नाही तर पहिल्याच जोडणीत इग्नायटर जातो. कार्बोरेटरच्या १२ए ला तीन-चार पीएसआय दाब पुरतो. इंजेक्शनच्या १३बी ला मात्र त्याच्या दहापट दाबाचा पंप आणि टाकीकडे परत येणारी स्वतंत्र नळी लागते.

## कायद्यात बसतं का?

भारतात जवळपास नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातली माहिती आणि उत्पादकानं मुळात दिलेली माहिती यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिनाचा प्रकार, क्रमांक, सीसी हे सगळं आरसीवर असतं. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूपात असली तरच. पुण्या-मुंबईत कुणाकडे जुनी ब्रिटिश गाडी असेल तर रोटरी बसवून तो हा हक्क घालवून बसेल.

परदेशात चित्र वेगळं आहे. ब्रिटनमध्ये नवा इंजिन क्रमांक आणि सीसी डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला आणि विमा कंपनीला कळवावे लागतात. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलची गाडी धुराच्या तपासणीतून मोकळी आहे. १९७६ ची घेतली तर इंजिन त्याच वर्षाचं किंवा नंतरचं हवं आणि त्याची धूर कमी करणारी सगळी उपकरणंही जागेवर हवीत. तिकडे गाडी शोधणाऱ्या मराठी मंडळींनी वर्षाची पाटी आधी वाचावी.

कुठेही केलं तरी बॉडीचा पत्रा शक्य तितका कमी कापावा, आणि मूळ इंजिन क्रमांकाच्या पट्टीसह तेल भरून, प्लगची भोकं बंद करून कोरड्या जागी ठेवावं. गाडी विकायची वेळ येते तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतं.